बौद्ध ग्रंथांचे धम्मदान आणि स्वामित्वहक्क

तैवान, थायलंड आणि श्रीलंकेतील अनेक बौद्ध विहारांत दाराजवळ पुस्तकांची एक मांडणी असते. तिथले पुस्तक कोणीही उचलावे आणि घरी न्यावे. त्यावर किंमत नसते, कारण ते विकण्यासाठी छापलेलेच नसते. शेवटच्या पानावर छपाईचा खर्च उचलणाऱ्यांची नावे असतात. त्याखाली या दानाचे पुण्य दिवंगत आईवडिलांना आणि सर्व प्राणिमात्रांना लाभो, अशी प्रार्थना असते. एरवीच्या पुस्तकात जिथे ‘सर्व हक्क स्वाधीन’ हे शब्द येतात, तिथे इथे बहुधा पुनर्मुद्रणाचे निमंत्रण असते. या प्रथेला धम्मदान म्हणतात. स्वामित्वहक्काचा कायदा जन्माला येण्याच्या कितीतरी शतके आधीपासून ती चालू आहे. विसाव्या शतकात या दोन गोष्टी समोरासमोर आल्या, तेव्हा बौद्ध जगात जो विरोध उभा राहिला, त्याचे मूळ या जुन्या प्रथेत आहे.

प्रथेचा पाया पाली ग्रंथांतच सापडतो. धम्मपदाच्या तण्हावग्गात ३५४ व्या गाथेने धम्माच्या दानाला इतर सर्व दानांच्या वर बसवले आहे. महापरिनिब्बान सुत्तात वृद्ध झालेले बुद्ध आनंदाला सांगतात की, आपण काही राखून ठेवलेले नाही, शिकवण्यात आतले आणि बाहेरचे असा भेद केलेला नाही. शिष्यापासून विद्या झाकून ठेवणाऱ्या गुरूच्या बंद मुठीला तिथे ‘आचरियमुट्ठि’ असा शब्द आहे. विनयपिटकाने भिक्खूंना पैसा स्वीकारण्याची आणि खरेदीविक्रीची मनाई केली आहे. धम्म शिकवून त्याचे मोल घेण्याची वाट त्यामुळे संघाला पहिल्यापासून बंद होती. स्वामित्वहक्काच्या आजच्या वादात विनयातील आणखी एका नियमाचा आधार घेतला जातो. भिक्खूला संघाबाहेर काढणाऱ्या चार अपराधांपैकी दुसरा चोरीचा आहे. त्याच्या व्याख्येचा भर दुसऱ्याची वस्तू जागेवरून हलवून त्याच्या ताब्यातून काढून घेण्यावर आहे. पोथीची नक्कल केली तर मूळ पोथी मालकाजवळच राहते. नक्कल करणे ही चोरी ठरत नाही, असे म्हणणाऱ्या भिक्खूंचा मुख्य युक्तिवाद हाच आहे आणि तो भक्कम आहे.

सुरुवातीची काही शतके बुद्धवचन पाठांतरातूनच टिकले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात राजा वट्टगामणी अभयाच्या काळात श्रीलंकेत ते लिहून काढण्यात आले. मातलेजवळचे आलोक विहार ही त्याची जागा, असे परंपरा सांगते. पुढे महायान सूत्रांनी ग्रंथाची नक्कल करणे हीच साधना ठरवली. सद्धर्मपुंडरीक सूत्रात ग्रंथ धारण करणे, वाचणे, पाठ म्हणणे, समजावून सांगणे आणि लिहून काढणे ही कामे एकाच रांगेत येतात. अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेत तर ग्रंथ लिहून दुसऱ्याला देण्याचे पुण्य स्तूपपूजेहून मोठे मानले आहे.

नक्कल मोफत मिळत असली, तरी ती फुकट तयार होत नसे. लेखनिकाला मजुरी द्यावी लागे. ताडपत्र, कागद, शाई यांना पैसे पडत. हा खर्च दाता आधीच उचलत असे आणि वाचकापर्यंत पोथी पोचेपर्यंत हिशेब मिटलेला असे. व्यापारी प्रकाशनात पैसा पुस्तकानंतर येतो आणि तो वाचकाकडून येतो. धम्मदानात तो पुस्तकाआधी येतो आणि दात्याकडून येतो. नक्कल जितकी पसरेल तितके दात्याचे पुण्य वाढते. व्यापारी प्रकाशकाला मात्र परवानगीविना झालेली प्रत्येक नक्कल तोट्याची वाटते. दोन्ही पद्धतींतला खरा फरक एवढाच आहे आणि पुढचे सगळे वाद त्यातून निघतात.

छपाईची कलाही पूर्व आशियात या पुण्यकर्माच्या हाताला धरूनच वाढली. जपानच्या सम्राज्ञी शोतोकू यांनी ७६४ ते ७७० या काळात लाकडाचे दहा लाख चिमुकले स्तूप घडवून घेतले आणि त्यांत छापील धारणीमंत्रांच्या पट्ट्या ठेवल्या. त्या पट्ट्या वाचायच्या नव्हत्या. केवळ मंत्राची संख्या वाढवणे हाच त्यांचा हेतू होता. वाचकासाठी छापलेला आणि मजकुरातच तारीख असलेला सर्वांत जुना पूर्ण ग्रंथ मात्र चीनमधला आहे. तो म्हणजे कुमारजीवाने चिनी भाषेत आणलेले वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्र. सात कागद एकापुढे एक चिकटवून केलेली ही गुंडाळी सुमारे ५ मीटर लांब आहे. आरंभी जेतवनात उपदेश करणाऱ्या बुद्धांचे चित्र आहे आणि शेवटी एक छोटी नोंद आहे. वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांच्या वतीने, सर्वत्र मोफत वाटण्यासाठी ही प्रत करवून घेतली, असे ती नोंद सांगते. त्यातील चिनी तिथी ११ मे ८६८ या दिवसाशी जुळते. वांग जिए कोण होता, याचा दुसरा काहीही मागमूस उरलेला नाही. एका मुलाने आईवडिलांसाठी केलेले दान, एवढ्यावरच त्याचे नाव अकराशे वर्षे टिकले. याच सूत्रात म्हटले आहे की, विश्व भरेल इतकी रत्ने दान करण्यापेक्षा यातल्या चार ओळी दुसऱ्याला समजावून सांगण्याचे पुण्य मोठे. वांग जिएने ते वचन अक्षरशः पाळले.

ही गुंडाळी दुनहुआंगजवळच्या मोगाओ लेण्यांतील एका बुजवलेल्या खोलीत राहिली. वांग युआनलू या ताओपंथी पुजाऱ्याला ती खोली १९०० मध्ये सापडली. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइनने त्याला थोडी रक्कम देऊन हजारो हस्तलिखितांबरोबर ती इंग्लंडला नेली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

नक्कल करण्यास मनाई करणारी सूचनाही चीनमध्ये फार जुनी आहे. बाराव्या शतकात सिचुआनमधील एका छापखान्याने आपल्या इतिहासग्रंथावर, सरकारदरबारी नोंद झालेली असून कोणी पुन्हा ठसे कोरू नयेत, अशी ताकीद छापली होती. म्हणजे मनाई आणि निमंत्रण या दोन्ही रीती एकाच देशात, एकाच तंत्राच्या आधाराने शेजारी शेजारी नांदत होत्या. ग्रंथ कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने छापला, यावर त्यातली कोणती लागू पडेल हे ठरत असे. धर्मग्रंथांची मोठी कामे राजांनी किंवा भाविकांनी केली. सोंग राजवटीने ९७१ मध्ये चेंगदू येथे संपूर्ण त्रिपिटकाचे ठसे कोरायला घेतले. ते काम ९८३ पर्यंत चालले आणि त्याला १ लाख ३० हजार लाकडी ठसे लागले. कोरियात मंगोल स्वाऱ्यांच्या धामधुमीत तेराव्या शतकात कोरलेले ८० हजारांहून अधिक ठसे हेइन्सा मठात आजही नीट रचून ठेवलेले आहेत.

चीनमध्ये या परंपरेला सर्वांत मोठा धक्का एकोणिसाव्या शतकात बसला. तायपिंग बंडाने यांगत्सेच्या खोऱ्यातील विहार, ग्रंथालये आणि ठसे उद्ध्वस्त केले. साधे सूत्रही विकत मिळेना. यांग वनह्वे (१८३७–१९११) या गृहस्थाने १८६६ मध्ये नानजिंगला जिनलिंग सूत्र छापखाना काढला. सरकारी नोकरीत तो युरोपला गेला असता लंडनमध्ये त्याची जपानी विद्वान नांजो बुन्यू याच्याशी ओळख झाली. त्याच्या मदतीने चीनमधून नाहीसे झालेले सुमारे ३०० ग्रंथ जपानमधून परत आले आणि नव्याने कोरले गेले. जे चीनने शतकांपूर्वी जपानला मुक्तहस्ते दिले होते, ते जपानने चीनला परत दिले. नक्कल करण्यावर मालकी असती तर ही परतफेड झालीच नसती. जिनलिंग छापखान्यात ठसे कोरण्याचे काम आजही चालते.

पुढच्या पिढीत सुखावती संप्रदायाचे आचार्य यिनगुआंग (१८६२–१९४०) यांनी मोफत वाटपाला व्यवस्थेचे रूप दिले. भक्तांनी दिलेली दक्षिणा ते स्वतःसाठी ठेवत नसत, छपाईला लावत. १९३० च्या सुमारास त्यांनी शांघायला ‘होंगह्वा श’ ही संस्था उभी केली आणि ती पुढे सूचौला नेली. तिथे पुस्तके तीन प्रकारे मिळत. ज्याला परवडेल त्याने छपाईचा खर्च द्यावा, ज्याला तेवढे जमणार नाही त्याने निम्मा द्यावा आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने तसेच घेऊन जावे. दान आंधळेपणाने न करता पैसा फिरता ठेवण्याची ही शहाणी रीत होती. धर्मग्रंथ मोफत द्यायचे तर संस्था तगणार कशी, या प्रश्नाला इतके साधे आणि माणुसकीचे उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

थेरवादी देशांत हे काम राजांनी केले. ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन याने मंडालेच्या कुथोडॉ पॅगोड्यात संपूर्ण पाली त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरवले. १८६० मध्ये सुरू झालेले हे काम १८६८ मध्ये पुरे झाले. ज्याला शंका असेल त्याने येऊन पाठ ताडून पाहावा, अशी ही उघड्यावरची प्रमाणप्रत होती. सयामचा राजा चुलालोंगकोर्न याने राज्यारोहणाच्या २५ व्या वर्षानिमित्त १८९३ मध्ये सयामी लिपीत ३९ खंडांचे त्रिपिटक छापले. त्याचे १,००० संच काढून देशातील विहारांना आणि जगभरच्या ग्रंथालयांना भेट दिले. थायलंडमध्ये अंत्यविधीला आलेल्यांना मृताच्या स्मरणार्थ पुस्तक वाटण्याची प्रथाही त्याच काळात रुजली. अशा स्मरणपुस्तकांत धर्मोपदेशाचे अनेक दुर्मीळ पाठ जपले गेले.

युरोपातील स्वामित्वहक्काची कल्पना बौद्ध ग्रंथांपर्यंत पोचली ती प्राच्यविद्येच्या मार्गाने. इंग्लंडचा पहिला कायदा १७१० चा आणि आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा. त्यांच्या मधल्या काळात, १८८१ मध्ये, ऱ्हिस डेव्हिड्स यांनी लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. रोमन लिपीतील तिच्या चिकित्सक आवृत्त्यांशिवाय आधुनिक पाली अभ्यास शक्यच नव्हता. तिच्या सुरुवातीच्या वर्गणीदारांत सिलोनच्या भिक्खूंची संख्या मोठी होती. जपानमध्ये १९२४ ते १९३४ या काळात ‘तैशो’ त्रिपिटकाचे १०० खंड निघाले आणि चिनी ग्रंथांची तीच जगभर प्रमाण आवृत्ती झाली. मूळ वचन कोणाच्याच मालकीचे नव्हते, पण संपादित पाठ, टीपा आणि अनुवाद यांवर आता हक्क सांगता येऊ लागला.

हक्क सांगणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. एका निकायाचा, म्हणजे सुत्तांच्या एका संग्रहाचा, अनुवाद करायला वर्षे जातात. संपादक, मुद्रितशोधक, छापखाना या सर्वांचे पोट त्यावर असते. पुस्तकाच्या विक्रीतूनच पुढचे पुस्तक निघते. दुसरी भीती पाठ बिघडण्याची होती. कोणीही काहीही बदलून बुद्धाच्या नावाने छापले तर काय करायचे? ही भीती खरी आहे, पण तिच्यावरचा बौद्ध परंपरेचा उपाय मनाईचा नव्हता. संगीती भरवून पाठ एकत्र म्हणायचे, ताडायचे आणि प्रमाणप्रत सर्वांसमोर ठेवायची, हा तो उपाय. मिंडोनच्या शिळा त्यातल्याच. प्रती जितक्या जास्त आणि जितक्या ठिकाणी, तितकी चूक पकडणे सोपे.

स्वामित्वहक्काला सर्वांत उघड आणि सातत्याचा विरोध तैवानमध्ये झाला. अनह्वे प्रांतात १९२७ मध्ये जन्मलेले भिक्खू चिन कुंग १९४९ मध्ये तैवानला आले. ताइचुंग येथे ली बिंगनान यांच्याकडे त्यांनी अध्ययन केले. धर्मग्रंथावर ‘हक्क राखीव, नक्कल केल्यास कारवाई’ असे छापणे म्हणजे धम्माचा प्रसार स्वतःच्या हाताने अडवणे, असे त्यांचे मत होते. आपली प्रवचने, पुस्तके, ध्वनिफिती यांवर त्यांनी हक्क ठेवला नाही. ज्याला हवे त्याने छापावे, वाटावे, एवढीच विनंती केली. १९८०च्या दशकात तैपेईत त्यांच्या प्रेरणेने बुद्ध शिक्षण प्रतिष्ठान उभे राहिले. त्याने चिनीबरोबर इंग्रजी, हिंदी, सिंहली, तिबेटी अशा अनेक भाषांतील बौद्ध पुस्तके मोठ्या प्रमाणात छापून जगभर पाठवली. प्रत्येक पुस्तकावर, ते मोफत वाटपासाठी असून विकायचे नाही, अशी सूचना असते. चिन कुंग २०२२ मध्ये निवर्तले.

या कामाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आला तो इगतपुरीत. पालीला स्वतःची लिपी नाही. प्रत्येक देश ती आपापल्या लिपीत लिहितो. त्यामुळे जिथे बुद्धांनी उपदेश केला त्या भारतातील वाचकालाच तिचे ग्रंथ परके झाले होते. गोव्यात साखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांना पाली शिकण्यासाठी १९०२ मध्ये सिलोनला जाऊन भिक्खू व्हावे लागले. पुढे त्यांनी मराठीतून बुद्धचरित्र आणि बौद्ध विचार सामान्य वाचकांपर्यंत आणले आणि ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत संपादित केला. तो १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला. त्यानंतर नालंदा येथे भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली सरकारी खर्चाने देवनागरी त्रिपिटकाचे ४१ खंड निघाले, पण अट्ठकथा, म्हणजे भाष्ये, आणि त्यांवरच्या टीका त्यांत नव्हत्या.

मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर ते विपश्यनेची शिबिरे घेत. त्यांना शुल्क नव्हते. एकाने शिबिर पुरे करून दिलेल्या दानावर पुढच्याचे शिबिर चाले. तोच नियम ग्रंथांना लावण्यात आला. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या विपश्यना विशोधन विन्यासाने, रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात भरलेल्या सहाव्या संगीतीत निश्चित झालेला पाठ बर्मी लिपीतून देवनागरीत आणला. मूळ त्रिपिटक, अट्ठकथा आणि टीका मिळून सुमारे १४० खंड झाले. १९९८ मध्ये ही ‘धम्मगिरि-पालि-गन्थमाला’ तैपेईच्या बुद्ध शिक्षण प्रतिष्ठानाने छापून दिली. त्या खंडांवरही ‘विक्रीसाठी नाही’ हीच सूचना होती. सिलोनात लिहिलेले, ब्रह्मदेशात तपासलेले, नाशिक जिल्ह्यात संगणकावर चढवलेले आणि तैवानच्या भाविकांच्या पैशातून छापलेले हे त्रिपिटक भारतातील ग्रंथालयांत विनामूल्य पोचले. त्याआधीच, १९९७ मध्ये, हा संपूर्ण पाठ एका सीडीवर निघाला होता. एका कळीसरशी देवनागरी, रोमन, बर्मी, सिंहली, थाई अशा लिपी बदलत. ज्या लिपींच्या भिंतींमुळे कोसंबींना समुद्र ओलांडावा लागला, त्या भिंती इथे पडल्या.

संगणकाने जुना प्रश्न नव्या रूपात उभा केला. तैवानमध्ये १९९८ मध्ये स्थापन झालेल्या चिनी बौद्ध इलेक्ट्रॉनिक ग्रंथसंघाला ‘तैशो’चा पाठ महाजालावर मोफत द्यायचा होता. मूळ चिनी अनुवाद हजार-दीड हजार वर्षांचे, तरी छापील आवृत्तीसाठी जपानी प्रकाशकाची परवानगी घ्यावी लागली. ती मिळाली आणि आज चिनी त्रिपिटकाचा अभ्यास करणारा प्रत्येक जण तो पाठ वापरतो.

मोफत आणि मुक्त यांतला फरकही याच काळात स्पष्ट झाला. ‘विक्रीसाठी नाही’ ही अट दात्याच्या भावनेचा मान राखते, पण तीही एक बंदीच आहे. एखाद्या छोट्या प्रकाशकाला कागदापुरते पैसे घेऊन पुस्तक काढायचे असेल तर ती आड येते. ऑस्ट्रेलियात जन्मलेले भिक्खू सुजातो यांनी या अटीही काढून टाकल्या. तैवानच्या चिमेई बेटावर राहून त्यांनी चार निकायांचा इंग्रजी अनुवाद केला. २०१८ मध्ये ‘सुत्तसेंट्रल’ या संकेतस्थळावर तो प्रसिद्ध करताना त्यांनी सर्व हक्क सोडून दिले. त्याची नक्कल करावी, त्यात बदल करावेत किंवा तो विकावा, कशासही परवानगी लागत नाही. इतरांनी मधली वाट धरली. कंग्युर या तिबेटी बुद्धवचनसंग्रहाचा अनुवाद करणारा ‘८४०००’ हा प्रकल्प सर्व अनुवाद विनामूल्य देतो, पण त्यांत बदल करण्याची मुभा देत नाही. तंत्रग्रंथांच्या बाबतीत, दीक्षा नसलेल्यांनी ते वाचू नयेत, अशी परंपरेची सूचनाही तिथे वाचकापुढे ठेवलेली असते. सर्व बौद्ध वाङ्मय सर्वांसाठी खुले, हे विधान तिबेटी परंपरेला सरसकट लागू पडत नाही.

भारतात हा प्रश्न सर्वांत जवळून भिडतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाशी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतलेल्या समाजाचा तो आधारग्रंथ आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ १९५७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. तैपेईच्या प्रतिष्ठानाने त्याच्या इंग्रजी आणि हिंदी आवृत्त्या छापून भारतात मोफत वाटल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने तो १९९२ मध्ये समग्र वाङ्मयाचा ११ वा खंड म्हणून काढला. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथासाठी ही ६० वर्षे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. त्या हिशेबाने मूळ इंग्रजी ग्रंथ २०१७ अखेर सर्वांचा झाला.

अनुवादाचा हक्क मात्र स्वतंत्र असतो. भदंत आनंद कौसल्यायन यांनी केलेला हिंदी अनुवाद घरोघरी वाचला जातो. भदंतांचे निधन १९८८ मध्ये झाले, तेव्हा कायद्याने त्याची मुदत २०४८ अखेरपर्यंत जाते. मराठी अनुवादांनाही हाच नियम लागू आहे. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याला ग्रंथ खुला झाला, पण ज्यांच्यासाठी तो लिहिला गेला त्यांच्यापैकी बहुतेकांच्या भाषेत तो अजून खुला झालेला नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने लेखकाला किंवा अनुवादकाला आपले सर्व किंवा काही हक्क सोडण्याची सोय दिली आहे. त्यासाठी पूर्वी निबंधकाला नोटीस द्यावी लागे. २०१२ च्या दुरुस्तीपासून जाहीर सूचनाही पुरते.